मेंदूची राखीव क्षमता

वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाचा वेध घेण्यासाठी संशोधक डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये अमेरिकेत ‘नन स्टडी’ सुरू केला आणि त्यात सहभागी झालेल्या, पंचाहत्तरी गाठलेल्या ६७८ कॅथलिक धर्मभगिनींनी नियमित स्मरणचाचण्यांबरोबरच मरणोत्तर मेंदूदानालाही संमती दिली.

काहींच्या मेंदूत अल्झायमरची खूण मानले जाणारे अ‍ॅमिलॉइड प्रथिनाचे साठे आणि टाऊ प्रथिनाचे गुंते आढळले, तरीही त्यांची बुद्धी अखेरपर्यंत शाबूत होती. हानी होऊनही पर्यायी चेतामार्गांनी काम चालू ठेवण्याच्या या सामर्थ्याला बौद्धिक राखीव क्षमता म्हणतात आणि शिक्षण, वाचन व सततच्या बौद्धिक व्यासंगाशी तिचा संबंध जोडला जातो.

याच अभ्यासात असेही दिसले की, रक्तपुरवठा खंडित झाल्याने मेंदूचे लहान भाग मृत झाले असतील, म्हणजेच सूक्ष्म पक्षाघात होऊन गेले असतील, तर अल्झायमरच्या तेवढ्याच खुणा असतानाही स्मृतिभ्रंशाचे प्रमाण बरेच वाढते. म्हणूनच मध्यम वयापासून रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे आणि नियमित चालणे हे हृदयाइतकेच स्मृतीचेही रक्षण होय, आणि त्याची सुरुवात कोणत्याही वयात करणे हितावहच ठरते.