थंड पाणी, सुस्त मासा आणि तरंगतं आमिष

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मासा गळाला लागतो तो नशिबानं, असं आपण सहज म्हणतो. नशिबाचा वाटा आहेच. पण त्याहून मोठा वाटा पाण्याचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या तळ्यांवर 'बास' नावाचा मासा धरायचा असेल, तर सगळ्यांत आधी थर्मामीटर पाहावा लागतो. मिसुरी राज्यात नोकरीनिमित्त काही वर्षं राहिलो, तेव्हा टेबल रॉक या जलाशयावर मी या माशाच्या नादी लागलो. तिथं जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो.

बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. रंगानं हिरवट, अंगावर काळसर पट्टा आणि जबडा एवढा मोठा की त्याची कड डोळ्याच्याही मागं जाते. मासे, बेडूक, खेकड्यासारखे जीव, जे सापडेल ते तो गिळतो. आपल्याकडचा मरळ जसा पाण्यावरच्या बेडकावर झडप घालतो, तसाच हाही घालतो. म्हणून तिथले शौकीन लाकडाचं किंवा प्लॅस्टिकचं आमिष पाण्यावर तरंगत ठेवतात. पाणी फुटतं, मोठा 'डुबुक' आवाज होतो आणि आमिष दिसेनासं होतं. एकदा हे पाहिलं, की माणसाला दुसरं काही सुचत नाही.

पण हा खेळ मुख्यतः उन्हाळ्याचा. मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी जेवढं गार, तेवढं त्याचं शरीरही गार. पचन मंदावतं, भूक कमी होते, धावण्याची ताकद उरत नाही. दहा अंश सेल्सिअसच्या पाण्यात बास वरच्या आमिषामागं पळत सुटेल, अशी अपेक्षा करणं म्हणजे पहाटे गाढ झोपलेल्या माणसाला शर्यतीला बोलावणं. तो येईल, पण आमिष जागेवर थांबलं तर. लवकरच्या वसंतात आमिष निवडण्याचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे. जे आमिष थांबवलं तरी वरच राहतं आणि थांबल्यावरही जिवंत वाटतं, ते कामाचं.

आता एकेक आमिष पाहू. 'बझबेट' नावाचं एक आमिष असतं. त्याला धातूचा पंखा असतो, ओढलं की तो पाणी घुसळत खळखळ आवाज करतो. पण ओढणं थांबवलं की ते बुडतं. म्हणजे ते सतत पळवायलाच हवं. थंड पाण्यात ते सहसा डब्यातच राहू द्यावं.

पाणी दहा ते तेरा अंशांच्या दरम्यान असेल, तर माझा हात आधी तरंगत्या बारीक माशाकडं जातो. फिनलंडच्या लॉरी रापाला या कोळ्यानं 1936 साली असं आमिष बनवलं. शिकारी मासे थव्यातला जरा तिरका, जखमी पोहणारा मासा नेमका उचलतात, हे त्यानं पाहिलं होतं. त्यानं बुचाचा तुकडा कोरला आणि वर चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला. पुढं यासाठी बाल्सा हे हलकं लाकूड वापरात आलं. हे आमिष पाण्यावर टाकायचं, उठलेली वर्तुळं पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, मग काठीला एक हलकी टिचकी. आमिष जरासं बुडतं आणि डुलत वर येतं. पुन्हा थांबायचं. मनात दहा आकडे मोजावेत; घाई वाटली तर वीस मोजावेत.

तेरा ते सोळा अंशांत जरा आवाज चालतो. पुढं-मागं छोटे पंखे असलेलं स्मिथविक कंपनीचं 'डेव्हिल्स हॉर्स' किंवा तोंडाशी वाटीसारखा खोलगटपणा असलेलं 'पॉपर' तेव्हा घ्यावं. पॉपर जागच्या जागी 'टुब्' असा आवाज करतं. माशाच्या कुशीवर कंपनं जाणणारी एक रेषा असते. गढूळ पाण्यात डोळ्यांआधी ती त्याला खबर देते. म्हणून पाणी गढूळ असेल तर आवाजाचं आमिष, नितळ असेल तर मुकं आणि सडपातळ. हेडन कंपनीचं 1939 पासूनचं 'झारा स्पूक' डावी-उजवीकडं नागमोडी चालवतात. तिथले लोक याला 'कुत्रा फिरवणं' म्हणतात! सोळा अंशांच्या वर ते बहारीनं चालतं. त्याखाली फार सावकाश चालवावं लागतं. आणि दहाच्या खाली पाणी असेल, तर वरची आमिषं बाजूला ठेवून खोल पाण्यातली काढावीत, हे बरं.

दोऱ्याकडंही लक्ष हवं. फ्लुरोकार्बनचा दोरा पाण्यापेक्षा जड असतो. तो बुडतो आणि थांबलेल्या आमिषाचं नाक खाली ओढतो. इथं साधा नायलॉनचा दोराच चांगला. आणि मासा उसळला की लगेच झटका देऊ नका. गारठलेला मासा पुष्कळदा सावकाश तोंड उघडून आमिष ओढून घेतो. दोऱ्याला वजन लागलं, की मगच काठी उचलावी.

जागा कुठली? उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, म्हणून तळ्याच्या उत्तरेकडच्या काठावर ऊन अधिक पडतं आणि गार उत्तरवाऱ्यापासून आडोसाही मिळतो. उथळ, काळ्या मातीच्या तळाचे कोपरे आधी तापतात. पहाटेपेक्षा दुपारी तीनची वेळ चांगली. त्या डोंगराळ भागात रेडबड नावाच्या झाडाला गुलाबी-जांभळा बहर आला, की जुनी माणसं काठ्या बाहेर काढतात. पण झाडापेक्षा थर्मामीटर खरा. तोही वरच्या चार बोटांत नव्हे, हातभर खाली बुडवून पाहावा. कारण निवांत उन्हात फक्त वरचा थर तापलेला असतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. मासा याच दिवसांत उथळ पाण्यात का येतो? अंडी घालायला. पंधरा-सोळा अंशांच्या आसपास नर शेपटीनं तळ झाडून गोल खळगा करतो. मादी अंडी घालून निघून जाते. अंड्यांची आणि पुढं पिलांची राखण नर एकटा करतो. आपला मरळही पिलांना असाच जपतो. त्या नराला गळानं उचललं, की टपून बसलेले छोटे मासे काही मिनिटांत अंड्यांवर तुटून पडतात. नर परत सोडला तरी उशीर झालेला असतो, कधी कधी तो घरट्याकडं फिरकतच नाही. कॅनडातल्या ऑन्टेरिओ प्रांतात बऱ्याच भागांत या काळात बास धरायला बंदी असते, ती यासाठीच. अमेरिकेत रे स्कॉट यांनी 1972 पासून मासा धरून जिवंत सोडण्याची मोहीम चालवली, तिचाही मोठा उपयोग झाला. पण घरट्यावरच्या नराला केवळ सोडून देणं पुरत नाही.

म्हणून मी एक नियम पाळतो. तळाशी झाडलेलं पांढुरकं वर्तुळ दिसलं, की तिथं आमिष टाकायचं नाही, होडी वळवायची. अंड्यांनी जड झालेली मादी लागली, तर हात ओले करून, मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढायचा. गळाचा काटा पक्कडीनं आधीच दाबून ठेवला, तर हे चटकन होतं.

आणि माणसासाठीही एक सूचना. हवा उबदार असली, तरी पाणी अजून दहा अंशांचं असतं. त्यात पडलं की पहिल्या क्षणीच श्वास अडकतो, आणि चांगला पोहणाराही काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही. लाइफ जॅकेट होडीत ठेवायची वस्तू नाही, अंगात घालायची आहे.

आमिषांच्या दुकानात शेकडो रंग दिसतात आणि मोह होतो. पण वसंतात डब्यात चार आमिषं, एक थर्मामीटर आणि थांबण्याची तयारी, एवढं पुरतं. यातली तिसरी गोष्ट मात्र दुकानात मिळत नाही.