समुपदेशकाकडे गेलं म्हणून दुखणं खोटं ठरत नाही

गैरसमज : डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवलं, म्हणजे आजार मनाचाच.

सोलापुरात हे इतक्यांदा ऐकलंय, की आता चीड येते. संधिवात झालेल्या विडी कामगार बाईची बोटं सकाळी तास-तासभर आखडलेली असतात. पान कापायची कात्री धरवत नाही, हजार विड्या पुऱ्या होत नाहीत, मजुरी बुडते. तिला रडू येतं, झोप लागत नाही. कुणी समुपदेशन सुचवलं, की घरचे म्हणतात, ‘बघ, सगळे मनाचे खेळ!’

वस्तुस्थिती : या संधिवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. ती सूज खरी, आणि ती उतरवायला औषधंच लागतात. समुपदेशन असतं ते दुखण्यामागून आलेल्या भीतीसाठी, खचण्यासाठी. मधुमेहींमध्ये नैराश्य इतरांच्या दोन ते तीन पट आढळतं. म्हणून त्यांची साखर कुणी खोटी ठरवतं का? दिल्ली, चेन्नई, बंगळूर आणि विशाखापट्टणमच्या दवाखान्यांत नैराश्य असलेल्या ४०४ मधुमेहींचा अभ्यास झाला. तो २०२० मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शरीर आणि मन दोन्हींची एकत्र काळजी घेतली, तेव्हा दोन वर्षांनी शंभरातल्या सुमारे ७२ जणांचं नैराश्य निम्म्याने तरी उतरलं आणि साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलही सुधारलं. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ५७ होतं.

म्हणून समुपदेशकच ‘दुखणं मनावर घेऊ नका’ म्हणून वाटेला लावत असेल, तर खुशाल दुसरा शोधा. पहिल्याच भेटीत विचारा : दीर्घ आजाराच्या रुग्णांसोबत काम केलंय का? अंथरुणातून उठवलं नाही, त्या दिवशी फोनवर बोलता येईल का?

आणखी काही :

‘पाटी लावली की झाला तज्ज्ञ.’ नाही. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी लागते. नोंदणी विचारण्यात उद्धटपणा नाही.

‘त्यासाठी पुणं गाठावं लागतं.’ नाही. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक घरांना तिथे तेलुगूतही बोलता येतं.

‘गावभर होतं.’ २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे.

घरच्यांनो, औषधाची वेळ जशी पाळता, तशी या भेटीचीही पाळा. रुग्णाला सोबत द्या आणि दाराबाहेर थांबा.