नव्या पाणभुंग्याचे नामकरण

पवनार येथे धाम नदीचे पात्र खडकाळ आहे. पावसाळ्यातील पूर ओसरला की खडकांच्या खळग्यांतून पाणी साचून राहते. अशा एखाद्या खळग्याच्या काठी थोडा वेळ स्तब्ध बसावे. तळातून एक काळा ठिपका झपाट्याने वर येतो, आपले मागचे टोक क्षणभर पाण्याच्या पृष्ठभागास लावतो आणि पुन्हा तळाशी नाहीसा होतो. हाच पाणभुंगा होय. हा जीव आजवर कोणीच ओळखलेला नसेल काय, असा प्रश्न जिज्ञासू विद्यार्थ्याच्या मनात उठणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शास्त्रज्ञ कोणत्या रीतीने शोधतात, हे सांगण्याचा येथे उद्देश आहे.

प्रथम या प्राण्याची थोडी ओळख करून घेऊ. पाणभुंग्यांच्या कुलास डायटिसिडी असे म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी बुडी मारणे या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. या कुलातील चार हजारांहून अधिक जाती आजपर्यंत वर्णिल्या गेल्या आहेत. पाणभुंग्याचे शरीर नावेप्रमाणे निमुळते व गुळगुळीत असते. मागच्या पायांवर केसांची झालर असून ते दोन्ही पाय तो वल्ह्यांप्रमाणे एकाच वेळी मारतो. त्यास कल्ले नसतात. पाठीवरील कठीण पंखांखाली तो हवेचा साठा घेऊन बुडी मारतो व तीच हवा श्वासास वापरतो. डबके आटले तर तो उडून दुसरे शोधतो, आणि म्हणूनच तो कधी कधी रात्री दिव्याजवळ येऊन आदळतो. त्याच्या अळ्याही मांसाहारी असून डासांच्या अळ्या त्यांचे भक्ष्य होतात.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आपल्याला अपरिचित असलेला प्राणी जगाला अपरिचित असतोच असे नाही. सुमारे एक इंच लांबीचा, कडेला पिवळी किनार असलेला मोठा पाणभुंगा आपल्या देशात सर्वत्र आढळतो. मुलांना तो नवा वाटेल; परंतु ऑलिव्हिये या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने 1795 सालीच त्याचे वर्णन करून ठेविले आहे. आज तो सिबिस्टर ट्रायपंक्टेटस या नावाने ओळखला जातो. म्हणून शास्त्रज्ञाचे पहिले काम शोध जाहीर करण्याचे नसून तुलना करण्याचे असते. पूर्वीची सर्व वर्णने वाचावयाची, संग्रहालयांत जपून ठेवलेले जुने नमुने पाहावयाचे, आणि हाती आलेला नमुना त्यांतील प्रत्येकाहून निश्चितपणे भिन्न आहे किंवा नाही हे ठरवावयाचे. केवळ रंगावर किंवा आकारावर विसंबून भागत नाही. पंखांवरील रेषांची संख्या, पाठीवरील सूक्ष्म टिंबे आणि विशेषतः नराच्या जननावयवाचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. कारण बाहेरून जुळ्या भावंडांसारखे दिसणारे दोन भुंगे त्या अवयवावरून निराळे ठरतात.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे. कोपेलॅटस ही लहान पाणभुंग्यांची एक प्रजाती. तिच्यातील भुंगे काही मिलिमीटर लांबीचेच असतात, आणि त्यांतील कित्येक लहानशा, तात्पुरत्या साचलेल्या पाण्यात राहतात. सायली शेठ व हेमंत घाटे या पुण्याच्या अभ्यासकांनी, प्राग येथील यिर्झी हायेक यांच्या सहकार्याने, महाराष्ट्रातील या भुंग्यांचा अभ्यास केला आणि 2018 साली तीन नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्या पाण्यास आपण डबके म्हणून ओलांडून जातो, त्याच प्रकारच्या पाण्यात शास्त्राला अज्ञात असे जीव नांदत असतात, हे यावरून दिसते.

नवेपण सिद्ध झाले म्हणजे नामकरण होते. प्रत्येक जातीचे शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजातीचा, जणू घराण्याचे आडनाव. दुसरा त्या जातीचा. ही पद्धती स्वीडनच्या लिनियसने रूढ केली, आणि प्राण्यांची नावे त्याच्या 1758 सालच्या ग्रंथापासून ग्राह्य धरली जातात. नावाबरोबर एक नमुना मूळ साक्षीदार म्हणून निवडून संग्रहालयात सुरक्षित ठेवतात. पुढे शंभर वर्षांनी कोणास शंका आली, तरी तो नमुना पाहून तिचे निरसन करता येते.

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. नमुना ठेवावयाचा म्हणजे त्या जिवाचा प्राण घ्यावयाचा. आचार्य विनोबांच्या आश्रमामुळे अहिंसेचे नाव ज्या पवनारशी जोडले गेले, तेथील विद्यार्थ्याने हा प्रश्न टाळू नये. आवश्यक तेवढेच थोडे नमुने घ्यावेत, प्रत्येकाबरोबर स्थळ व तारीख लिहून ठेवावी, आणि निव्वळ हौसेखातर एकही जीव मारू नये. स्थळ-तारखेवाचून ठेवलेल्या नमुन्याचे बहुतेक मोल नाहीसे होते, व त्याचा प्राण व्यर्थ जातो. मात्र हेही ध्यानात असावे, की एक खळगा बुजविला किंवा त्यात घाण सोडली, तर त्यातील सर्वच जीव एकदम नष्ट होतात आणि त्यांची कोणी नोंदही घेत नाही.

आदामाने प्राण्यांना नावे दिली, अशी कथा पवित्र शास्त्राच्या आरंभीच आहे. ते काम अद्यापि संपलेले नाही. विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळी नदीवर जाल तेव्हा दगड भिरकावण्यापूर्वी घटकाभर पाण्याकडे पाहा. जे दिसेल ते वहीत प्रामाणिकपणे टिपून ठेवा. नवी जात सापडणे प्रत्येकाच्या भाग्यात नसेल. परंतु ‘मला हे ठाऊक नाही’ असे म्हणून शोधास लागणे प्रत्येकाच्या हाती आहे, आणि सर्व शास्त्राचा आरंभ तेथूनच होतो.