वजन वाढवायचे, तेही शाकाहारावर

वजन वाढत नसलेल्या शाकाहारी तरुणांचे पोट बहुधा भरलेले असते, कमी पडतात त्या कॅलरी. काकडी, पालेभाजी, ताक, पातळ वरण हे सगळे चांगलेच, पण त्यात पाणी जास्त आणि भूक लगेच भागते. रोजच्या खर्चापेक्षा 300 ते 500 कॅलरी जास्त पोटात गेल्या, तर वजन हळूहळू चढते.

इथे शेंगदाण्यासारखा आधार नाही. 100 ग्रॅम दाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने आणि साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. एक ग्रॅम स्निग्धांशातून 9 कॅलरी मिळतात, प्रथिनांतून किंवा पिष्टातून फक्त 4. म्हणून कोशिंबिरीत मूठभर कूट, भाकरीवर चमचाभर तूप, दुपारी दाण्याचा लाडू, एवढ्यानेही फरक पडतो.

प्रथिनांचा हिशेब वेगळा. निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम पुरतात, व्यायामाने स्नायू कमवायचे असतील तर 1.6 पर्यंत लागतात. म्हणजे 50 किलोच्या माणसाला 80 ग्रॅम. वाटीभर वरणाने ते भागणार नाही. उसळ, दही, पनीर, सोयाबीनच्या वड्या ताटात हव्यात. प्रथिनांच्या घटकांपैकी धान्यात लायसीन कमी, डाळीत मेथिओनिन. पिठले-भाकरी ही उणीव परस्पर भरून काढते. (दोन्ही एकाच जेवणात हवीत असेही नाही, दिवसभरात आली तरी चालते.) महागडी पावडर त्यानंतरची गोष्ट.

भरपूर खाऊनही वजन उतरतच असेल, तर आधी डॉक्टरांकडून थायरॉइड आणि मधुमेहाची तपासणी करून घ्या.