कलर ग्रेडिंगचा धंदा : आउटपुट कार्ड घेताना काय पाहावे?

अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव हा पट्टा चित्रपटाच्या कामाचा. गोरेगावात १९४३ साली फिल्मिस्तान उभे राहिले, १९७७ साली चित्रनगरी आली आणि आजूबाजूच्या वस्त्यांतील असंख्य घरांची चूल या धंद्यावर पेटू लागली. सेटचे सुतार, लाइटमन, जरीकाम करणारे, कॅमेऱ्याचे मदतनीस यांत आपले कारागीर पूर्वीपासून आहेत. आता त्यांची मुले संगणकावर बसली आहेत. चित्रीकरण झालेल्या फिल्मचे रंग, उजेड आणि सावली जुळवणे, म्हणजेच कलर ग्रेडिंग, हे त्यांतलेच एक काम. अंधेरीत यालाच ‘डीआय’ म्हणतात. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरकडे लग्नाच्या फिल्म, जाहिराती आणि माहितीपट करणाऱ्या लहान स्टुडिओंनाही आता या कामाची गरज पडते.

या धंद्यात उतरणारे तरुण आम्हाला एकच प्रश्न विचारतात. चांगला संगणक घेतला, महागडे ग्राफिक्स कार्ड बसवले, मग व्हिडिओ आउटपुटचे वेगळे कार्ड कशासाठी? सरळ दुसरा मॉनिटर जोडला तर काय बिघडते? प्रश्न पैशाचा आहे म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

तराजू कुणाचा?

जुन्या काळी हे काम लॅबमध्ये होत असे. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे कमीजास्त करीत. प्रत्येक दिव्याचे पन्नास टप्पे असत. प्रिंट पडद्यावर पाहिली की खरे-खोटे तिथेच कळे, कारण प्रेक्षकही तशीच प्रिंट पाहणार असे. आता प्रिंट उरली नाही. कारागीर जे पाहतो ते मॉनिटरवर. तो मॉनिटर खोटे दाखवीत असेल तर कारागिराची नजर कितीही तयार असो, माल चुकीचाच निघणार.

साधा मॉनिटर खोटे का दाखवतो, हे समजून घेतले पाहिजे. ग्राफिक्स कार्डातून निघणारे चित्र संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीममधून जाते. ती आपल्या पद्धतीने रंगांत फेरफार करते आणि तो फेरफार कुठे झाला हे शोधणे कठीण असते. दुसरे असे की संगणकाचा पडदा बहुधा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. आपले टीव्हीचे काम २५ फ्रेमचे आणि सिनेमाचे २४ फ्रेमचे असते. २४ किंवा २५ हे ६० मध्ये नीट बसत नाहीत, त्यामुळे हालचाल अडखळते. आउटपुट कार्ड मात्र ऑपरेटिंग सिस्टीमला बाजूला ठेवून ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमधून थेट सिग्नल उचलते आणि जितक्या फ्रेमचे काम तितक्याच फ्रेमने ते मॉनिटरला देते. थोडक्यात, ग्राफिक्स कार्ड हे कामाचे इंजिन आहे. आउटपुट कार्ड आणि मॉनिटर हा तराजू आहे.

कार्ड की डबा?

ही यंत्रे दोन प्रकारची मिळतात. डेस्कटॉप संगणकात पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसणारे कार्ड हा पहिला प्रकार. लॅपटॉपला थंडरबोल्टच्या तारेने जोडायचा लहान डबा हा दुसरा. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीची डेकलिंक कार्डे आणि अल्ट्रास्टुडिओ डबे, तसेच अमेरिकेच्या आजा कंपनीची कोना कार्डे ही बाजारातली परिचित नावे. ब्लॅकमॅजिकने २००९ साली दा विंची सिस्टीम्स ही कंपनी विकत घेतली. तेव्हापासून रिझॉल्व्ह हे ग्रेडिंगचे सॉफ्टवेअरही तिचेच आहे. त्याची मोफत आवृत्ती मिळते, म्हणून लहान कारागिराची सुरुवात बहुधा तिथूनच होते. आपले सॉफ्टवेअर कोणत्या कार्डाशी बोलते हे आधी पक्के करावे, मगच पैसे द्यावेत. एका सॉफ्टवेअरला चालणारे कार्ड दुसऱ्याला चालेलच असे नाही.

खरेदीला जाण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. संगणकात चार लेनचा स्लॉट खरोखर मोकळा आहे काय? आजची ग्राफिक्स कार्डे इतकी जाड असतात की शेजारचा स्लॉट झाकून टाकतात. लॅपटॉपवाल्यांनी हे लक्षात ठेवावे की यूएसबी-सीचे भोक दिसले म्हणजे थंडरबोल्ट असतेच असे नाही. आकार एक, आतले काम वेगळे.

किती ताकदीचे घ्यावे?

इथेच बहुतेकांचा पैसा वाया जातो. लग्नाची फिल्म, जाहिरात, यूट्यूब किंवा टीव्हीचे काम असेल तर फुल एचडी आउटपुट पुरते. ब्लॅकमॅजिकचा अल्ट्रास्टुडिओ मॉनिटर ३जी हा डबा एवढे काम करतो. चित्रीकरण ४केमध्ये झाले असले तरी रंग पाहण्यासाठी ४के आउटपुट लागतेच असे नाही. रंग एचडीतही तितकाच खरा दिसतो. फोकस आणि बारीक डाग पाहायला मात्र ४के उपयोगी. तेवढे हवे असेल तर डेकलिंक मिनी मॉनिटर ४के हे कार्ड ४के चित्र ३० फ्रेमपर्यंत देते. आपले २४ आणि २५ फ्रेमचे काम त्यात भागते. १२जी एसडीआयची महाग कार्डे ५० वा ६० फ्रेमच्या ४के कामासाठी असतात. तसे काम हातात नसताना ती घेऊ नयेत.

दहा बिटची अट मात्र सोडू नये. आठ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, दहा बिटमध्ये १,०२४. संध्याकाळच्या आकाशात किंवा मांडवाच्या पांढऱ्या कापडावर पट्टे दिसतात ते पायऱ्या कमी पडल्यामुळे. कार्ड दहा बिटचे, पण मॉनिटर आठ बिटचा, असेही करू नये.

जोडणी एचडीएमआयची की एसडीआयची, हाही प्रश्न येतो. एसडीआयची तार फिरवून घट्ट बसते, लांबवर जाते आणि जे पाठवले तेच पोहोचवते. एचडीएमआयमध्ये कार्ड आणि मॉनिटर आपापसांत बोलून सिग्नल ठरवतात आणि कधी आपल्याला न कळत दहाचे आठ बिट होतात. तार लहान असेल आणि सेटिंग तपासले असेल तर सुरुवातीला एचडीएमआयवर काम निभते. दोन्ही तोंडे असलेले कार्ड घेतले म्हणजे पुढे मॉनिटर बदलताना अडचण येत नाही.

एक अनुभव

आमच्या ओळखीच्या जोगेश्वरीच्या एका तरुणाने एका लग्नाची फिल्म मोठ्या मेहनतीने रंगवून दिली. गिऱ्हाइकाच्या टीव्हीवर ती काळवंडलेली दिसली, शेरवानीच्या घड्याही दिसेनात. पैसे अडकले आणि नावाला बट्टा लागला. चूक नजरेची नव्हती. व्हिडिओचा सिग्नल आठ बिटच्या हिशेबात १६ ते २३५ या मर्यादेत असतो, संगणकाचा ० ते २५५. याच्या फाइलमध्ये एक आणि टीव्हीच्या समजुतीत दुसरे, असा घोळ झाला होता. कार्ड आणि मॉनिटर असता तर तयार फाइल पुन्हा उघडून तुलना करता आली असती आणि घोळ दुकानातच सापडला असता.

सिनेमाचे काम आले तर

टीव्हीचे माप रेक. ७०९ या नावाने ओळखले जाते, चित्रपटगृहाचे माप डीसीआय-पी३. सिनेमाच्या प्रोजेक्टरचा उजेड ४८ निट, टीव्हीच्या ग्रेडिंगचा साधारण १००. त्यासाठी लहान कारागिराने लगेच प्रोजेक्टर घेण्याचे कारण नाही. पी३ दाखवू शकणाऱ्या मॉनिटरवर काम करावे आणि शेवटच्या तपासणीसाठी अंधेरीतील एखादी डीआय थिएटरची खोली तासांवर भाड्याने घ्यावी. वर्षातून दोनदा लागणारी वस्तू भाड्याचीच बरी.

पैसा कसा वाटावा?

आमचा सल्ला असा. ग्राफिक्स कार्डावर होणाऱ्या खर्चातून थोडे वाचवावे आणि आउटपुट कार्ड, दहा बिटचा मॉनिटर आणि त्याचे कॅलिब्रेशन यांत घालावे. संगणक हळू असला तर काम उशिरा होईल. तराजू खोटा असला तर काम परत येईल. खोलीची भिंत राखाडी करावी, खिडकीला जाड पडदा लावावा, मॉनिटरमागे ६,५०० केल्विनचा मंद दिवा ठेवावा. याला फारसा खर्च नाही. माल पक्क्या जीएसटी बिलावर आणि वॉरंटी पाहूनच घ्यावा.

व्याजाच्या हप्त्यावर भारी यंत्र आणून त्याच्या धाकाने रात्रंदिवस राबणारे आम्ही पाहिले आहेत. त्यापेक्षा रोखीने एचडीचे यंत्र घेऊन सुरुवात करावी, किंवा दोघा-तिघांनी भागीदारी करून एक खोली उभी करावी. कुणाचा पैसा किती, मेहनत कुणाची, नफा-तोटा कसा वाटायचा, हे सारे कागदावर असावे. व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहेच.

माप पूर्ण द्या, ही शिकवण किराणा दुकानापुरती नाही. कुरआनची ८३ वी सूरह मापात खोट करणाऱ्यांविषयीच आहे. गिऱ्हाईक आपल्या घरच्या आनंदाची आठवण विश्वासाने आपल्या हाती देतो, ती अमानत आहे. ती खऱ्या तराजूवर तोलून परत करणारा कारागीर मागे पडणार नाही आणि त्याच्या रोजीत बरकतही होईल, इन्शाअल्लाह.