भोके दिसतात, पाणी जात नाही

उन्हाळ्यात आमच्या येरवड्यातल्या सोसायटीत टँकर येऊ लागले, तेव्हा पावसाचे पाणी जिरवण्यासाठी शोषखड्डा घ्यायचे ठरले. खणताना काळा दगड लागला. त्याला बारीक बारीक भोके होती. ‘‘हा सच्छिद्र दगड, पाणी आपोआप जिरेल,’’ असे मी ठामपणे सांगितले आणि खोदकाम तिथेच थांबवले. पहिल्याच मोठ्या पावसात खड्डा भरला, तो चार दिवस तसाच तुंबून राहिला. चूक दगडाची नव्हती. शब्दाचा अर्थ मी भलताच लावला होता.

‘सच्छिद्र’ म्हणजे छिद्रांसहित. ‘स’ आणि ‘छिद्र’ यांचा संधी होताना मधे ‘च्’ येतो. ‘छिद्र’ आले ‘छिद्’ म्हणजे कापणे या धातूपासून. ‘छेद’, ‘विच्छेद’ ही त्याचीच भावंडे. म्हणजे भोके आहेत, एवढेच हा शब्द सांगतो. ती एकमेकांना जोडलेली आहेत का, पाण्याला वाट आहे का, हे सांगणारा शब्द वेगळा : ‘पारगम्य’, ज्यातून पार जाता येते असा.

पुण्याचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची भोके झाली. पुढे त्यांतल्या पुष्कळ भोकांत झिओलाइटसारखी खनिजे भरली. येरवड्याहून नगर रस्त्याने लागणाऱ्या वाघोलीच्या दगडखाणी अशाच स्फटिकांसाठी प्रसिद्ध आहेत. या दगडातून पाणी उतरते ते मुख्यतः भेगांतून आणि मुरमातून. उलट माठाची छिद्रे डोळ्यांना दिसत नाहीत. पण ती जोडलेली असल्याने पाणी झिरपते, बाहेर त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार राहते.

मराठीत यासाठी जुना शब्द आहे ‘पाझर’. संस्कृत ‘प्रक्षर्’, प्राकृत ‘पज्झर’ आणि मग ‘पाझर’. त्यात भोकाचा उल्लेखच नाही, आहे तो वाहण्याचा. १९७२च्या दुष्काळी कामांवर लोकांनी बांधले ते ‘पाझर तलाव’. त्यांना ‘सच्छिद्र तलाव’ कोणी म्हटले नाही!

पुढच्या वर्षी आम्ही मुरूम लागला तिथे दुसरा खड्डा घेतला. त्यातले पाणी संध्याकाळपर्यंत उतरते. आता कोणी दगडाची भोके दाखवली, तर मी आधी विचारतो, ‘‘बादलीभर पाणी ओतून पाहिलेत का?’’