जवारी लागते तेव्हा

मिरजेचे शिकलगार पूर्वी तलवारींना धार लावत. एकोणिसाव्या शतकात त्यांचा हात तंबोऱ्याकडे वळला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणाचे लाकूड हे सारे खरे. पण कसोटी जवारीची. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिच्या माथ्याला कानशीने केसभर बाक द्यायचा. तो साधला की तार त्यावर हलके घासत राहते आणि स्वराला गुंजन येते. जास्त घासले, तर घोडी वाया. माप फक्त कानात.

एका कारागीर चाचांपाशी मी दुपारभर बसलो होतो. कवितांचे खर्डे फाडत मी पन्नाशी ओलांडली, तरी ओळ जमली की नाही हे मला अजून दुसऱ्यांना विचारावे लागते. चाचांनी तारेखालचे सूत जरासे सरकवले. तंबोरा एकदम भरून आला. “लागली,” एवढेच म्हणाले आणि कानस खाली ठेवली. चहा केव्हाच गार झाला होता. तो तसाच प्यायले.